छातीचं माप राहू द्या, आधी खांदा मोजा

मागच्या अंकात रेडिमेड कुर्तीचं माप घरबसल्या कसं घ्यायचं ते लिहिलं होतं. त्यावर बायकांची पत्रं येणार हे माहीतच होतं पण ह्यावेळी पुरुषांचीही आली, आणि चांगली बरीच आली, सगळ्यांचा सूर एकच की ताई, आम्हाला बायकांचे टॉप आवडतात पण अंगाला बसत नाहीत. म्हणून ह्या महिन्याचं पान त्यांना.

ताई नमस्कार, मी पुण्यात आयटीत आहे, वय २८, उंची पाच फूट नऊ इंच, ४० नंबरचा शर्ट व्यवस्थित बसतो. मला बायकांच्या शॉर्ट कुर्त्या आणि टॉप खूप आवडतात, म्हणजे कापड, प्रिंट, गळ्यावरचं काम सगळंच, नाहीतर पुरुषांच्या सेक्शनला गेलं की निळा, राखाडी, चॉकलेटी आणि चौकड्या, संपला विषय. घरी घालतो, मित्रांकडे जातानाही घालतो. प्रॉब्लेम असा की ऑनलाइन चार्ट बघून छाती ४२ वाली साइझ मागवली तर छातीला ठीक होते पण हात पुढे केला की पाठीत करकचते, बाही दंडात अडकते, आणि काढताना दोन्ही हात वर करून मी चक्क अडकून पडतो, बहिणीला हाक मारावी लागते. दोन साइझ वर घेतली तर पोटाशी नुसता तंबू. माझ्यासाठी साइझच नाहीये का? — एक वाचक, पुणे

तुम्ही चार्टमधली छातीची ओळ वाचताय आणि कपडा अडतोय खांद्यात, सगळं दुखणं तिथे आहे. तुमच्या ४० नंबरच्या शर्टाचा खांदा मागून मोजा, एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत, साधारण १८ इंच भरेल. आता बाजारातली एम साइझची कुर्ती घ्या, छाती ३८ आणि खांदा साडेचौदाच्या आसपास. एक्सएल घ्या, छाती ४२ आणि खांदा साडेपंधरा. म्हणजे जी कुर्ती तुमच्या छातीला बरोबर आहे ती खांद्याला अडीच इंच कमी आहे. ते अडीच इंच कुठूनतरी वसूल होणारच ना, मग बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर न बसता आत चढते, तिच्यामागून बाही वर ओढली जाते, दंडात रुतते आणि पाठ ताणली जाते.

बरं, साइझ वाढवून हे का सुटत नाही? कारण कंपन्या एक साइझ वर जाताना छाती दोन इंच वाढवतात आणि खांदा जेमतेम अर्धा इंच. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, बाई अंगाने भरली म्हणून तिच्या खांद्याची हाडं काही रुंद होत नाहीत. पण तुमचं काय होतं, की १७ चा खांदा मिळवायला तुम्हाला फोर एक्सएलपर्यंत जावं लागतं आणि तिथे छाती असते ४८. तुमचा तंबू तो हाच.

खांद्यानंतर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप. ४० छातीच्या पुरुषाला मुंढ्याचा घेर १९-२० इंच लागतो आणि एम-एल कुर्तीत तो १६-१७ असतो. इथे बरेच जण टेलरला म्हणतात मुंढा खोल करून द्या, आणि करून घेतल्यावर हात आणखीनच उचलत नाही! कारण मुंढा नुसता खाली उतरवला की बाही खालून जोडली जाते आणि हात वर केला की सगळा टॉप बरोबर वर येतो, पोट उघडं. मुंढा काखेच्या जवळच हवा, फक्त रुंद हवा, आणि बाही दंडात मोकळी हवी. तयार कपड्यात ती रुंदी आणायची तर काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा घालतात, आपल्या जुन्या कुर्त्यांना असायचा तो चौबगला, दोन-अडीच इंचाचा पुरतो. कुर्तीची उंची थोडी कमी करून घेणार असाल तर खालून निघालेल्या कापडातच तो होऊन जातो आणि प्रिंटही जुळतं.

तिसरी गोष्ट कंबर. बायकांच्या टॉपला जिथे कंबरेचा आकार दिलेला असतो ती जागा खांद्यापासून १४-१५ इंचांवर असते, तुमच्या उंचीच्या पुरुषाची कंबर १७-१८ वर. म्हणजे टॉप जिथे आत जातो तिथे तुमच्या बरगड्या आहेत, आणि त्या काही आत जाणार नाहीत. त्याच्या खाली सीटसाठी जो घेर सोडलेला असतो तो तुमच्याकडे रिकामाच लोंबतो कारण तुमचा हिप तेवढा नाही. म्हणून कंबरेत शेप दिलेलं काहीही घेऊच नका, पेप्लम, छातीखाली शिवण असलेले टॉप, प्रिन्सेस कट, पाठीला चेन आणि आत अस्तर लावलेले सॅटिनचे टॉप, हे सगळे बाईच्या अंगावर फार सुंदर दिसतात आणि तुमच्या अंगावर भांडतात.

छातीचे टक्स हा त्यातल्या त्यात सोपा भाग. काखेखालून छातीकडे येणारी ती शिवण आत फुगवटा करते, तुम्हाला फुगवटा नको असेल तर तो मोकळा पिशवीसारखा दिसतो. टक्स उसवता येतात, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे कॉटन आणि रेयॉनवर सुईची भोकं एका धुण्यात मिटतात, सॅटिन-सिल्कवर कायम राहतात. दुसरं म्हणजे टक्स उसवला की पुढचा भाग बाजूने मागच्यापेक्षा लांब होतो, तेवढं खालून छाटून पुन्हा दुमडावं लागतं. हे न सांगता कुणी उसवून दिलं तर टॉप पुढून लोंबतो आणि मग तुम्ही म्हणाल माझ्या अंगालाच दोष आहे.

आता घ्यायचं काय ते. ज्या कपड्याला खांद्याची शिवणच नाही किंवा ती मुद्दाम खाली उतरवलीय तो तुमचा कपडा. कफ्तान, बॅटविंग, ड्रॉप शोल्डर, आणि रॅगलन बाही म्हणजे जिची शिवण गळ्यापासून तिरपी काखेत जाते ती, ह्या सगळ्यांत खांद्याचा प्रश्नच निघून जातो आणि तुम्ही छातीच्या मापाने बिनधास्त घेऊ शकता. स्लीव्हलेस पण चांगलं, कारण अडकायला बाहीच नाही, आणि स्लीव्हलेसचा मुंढा कापून मोठा करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. बाही हवीच असेल तर थ्री-फोर्थ घ्या, बायकांची फुल बाही तुमच्या मनगटाच्या दोन इंच वर संपते आणि उसनी वाटते, थ्री-फोर्थ कुठेही संपली तरी थ्री-फोर्थच. होजियरी किंवा रिब कापडात पाच टक्के लायक्रा असेल तर एक-दीड इंच आपोआप मिळून जातो. लखनवी चिकनच्या सरळ कुर्त्या तर मुळातच सरळ कापलेल्या असतात, त्यातली मोठी साइझ घेऊन बाजूने थोडी घ्या, झालं.

'बाजूने घ्या' ह्याला मर्यादा आहे बरं का. दोन्ही बाजू मिळून तीन-चार इंच कमी होतात, त्याहून जास्त घेतलं की मुंढा वेडावाकडा होतो आणि खालचे कट मागे सरकतात. उलटं, म्हणजे वाढवायचं असेल तर आधी कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत जास्तीचं सोडलेलं कापड, किती आहे ते बघा, बऱ्या कंपन्या बाजूला एकेक इंच सोडतात, स्वस्तातल्या कुर्त्यांत ओव्हरलॉक मारून माया संपवलेली असते. खांद्यात माया कुणीच सोडत नाही. म्हणूनच सांगते, छाती कमी करता येते, थोडी वाढवताही येते, खांदा वाढत नाही, तेव्हा खरेदी खांद्याने करायची.

आणि खरं सांगू का, माझ्या मते तुम्ही रेडिमेडच्या मागे लागूच नका. पुण्यातच राहता, लक्ष्मी रोडला जा आणि ड्रेस मटेरियल घ्या. नुसता टॉपचा पीस अडीच मीटर असतो, शॉर्ट कुर्ती शिवून कापड उरेल. प्रिंट, गळ्याचं काम, सगळं तुमच्या आवडीचं मिळेल. मग प्रश्न येतो लेडीज टेलर की जेन्ट्स टेलर. जेन्ट्स टेलरला तुमचा खांदा कळतो पण तो गळा शर्टासारखा कापेल आणि घेर देणार नाही, लेडीज टेलरला गळा-बाही-घेर झकास जमतो पण तो सवयीने खांदा आत घेईल आणि न सांगता टक्स टाकेल. मी लेडीज टेलरकडेच जायला सांगेन, पण जाताना तुमचा सगळ्यात छान बसणारा शर्ट किंवा शॉर्ट कुर्ता बरोबर न्या आणि एवढंच म्हणा की खांदा, पाठ, मुंढा आणि दंड ह्याचा घ्या, टक्स नको, कंबरेत शेप नको, गळा आणि बाही मी दाखवतो त्या फोटोतली. पाठ विसरू नका, दोन्ही काखांच्या मध्ये मागून जी रुंदी भरते ती, ती बहुतेक ऑनलाइन चार्टमध्ये नसते आणि हात पुढे केल्यावर तीच आवळते. कॉटन असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच शिवायला द्या, कॉटन सहज तीन-चार टक्के आटतं आणि एवढी मेहनत करून काढलेला खांदा पहिल्या धुण्यात अर्धा इंच जायचा.

ताई, माझा नवरा माझे टॉप घालतो. मला त्याचं काही नाही, उलट त्याला माझ्यापेक्षा चांगले दिसतात असं माझी जाऊ म्हणते. पण माझे दोन आवडते टॉप त्याने मागून मुंढ्याशी फाडले. माझी साइझ एल, त्याची छाती ३८ म्हणजे माझ्याहून कमीच आहे, मग फाटतात कसे? — एक वाचक, ठाणे

छाती कमी आहे पण तुमची छाती पुढे आहे आणि त्याची पाठीत आहे. टेप गोल फिरवला की आकडा एकच येतो किंवा त्याचा कमीच येतो, पण तुमच्या टॉपमध्ये कापड पुढच्या भागाला जास्त दिलेलं असतं आणि पाठ अरुंद असते. त्याने स्कूटरचं हँडल धरलं की पाठीवरचा ताण जातो थेट मुंढ्याच्या मागच्या शिवणीवर, आणि ती उसवते नाहीतर शेजारचं कापड फाटतं.

फाटलेल्या टॉपचं आता असं करा, मागच्या बाजूला खांद्याखाली आडवा काप देऊन त्यात दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून योक करून घ्या, दीड-दोन इंच रुंदी मिळते आणि डिझाइन म्हणून खपून जातं. मग ते टॉप त्यालाच देऊन टाका. तुमच्या कपाटातले होजियरीचे, कफ्तान कटचे टॉप दोघांत चालतील, कॉटनचे बाहीवाले टॉप मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि त्याला स्पष्ट सांगा. आणि जावेला म्हणावं दिसतात तर चांगलेच, पैसे कोण भरून देणार?

मी कोल्हापुरात सेकंड इयरला आहे. गॅदरिंगला आम्ही मुलं नऊवारी नेसून लावणी करणार आहोत. आईचा ४० चा ब्लाउज घालून बघितला, माझी छाती पण ४० आहे, तर खालचे हुक लागतच नाहीत आणि वर ढगळ. शिवून घ्यायचा तर कसा सांगू टेलरला? एक खण घरात आहे तो पुरेल का? — एक विद्यार्थी

आईची छाती ४० असेल तर छातीच्या खाली, जिथे ब्लाउजची पट्टी येते तिथे ती ३४-३५ असेल. तुझ्या बरगड्या तिथेही ३७-३८ असणार, मग हुक कसे लागतील? पुरुषाच्या अंगाला छाती आणि छातीखालचा भाग ह्यात फरकच कमी, ब्लाउजचा सगळा खेळ त्या फरकावर चालतो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे आत जे पॅडिंग घालणार आहेस ते आधी ठरव. पॅड घातलेली ब्रा किंवा बनियनला आतून शिवलेले स्पंजचे कप, काहीही असो, ते घालून टेलरकडे जा आणि त्याच्यावरून माप दे. मोकळ्या अंगावर माप देऊन घरी येऊन पॅडिंग कोंबलं तर टक्स एकीकडे आणि पॅड दुसरीकडे, स्टेजवर सगळ्यांना दिसतं. टक्सचं टोक पॅडच्या मध्यावर यायला हवं, टेलरला खांद्यापासून तिथपर्यंतची उंची वेगळी मोजायला सांग. छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला कटोरी ब्लाउज नको, साधे चार टक्स पुरे, नाचताना कटोरी सरकली की फार वाईट दिसतं.

पुढे हुक असू देत पण पाठीला एक फट ठेवून नाडी घाल. नाडीने दोन-तीन इंच कमी-जास्त होतं, म्हणजे तोच ब्लाउज पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला होईल, आणि नाचून धाप लागली की सैल करता येईल. अस्तर कॉटनचंच लाव, घामाने सिंथेटिक अंगाला चिकटतं. काखेत चौबगला सांग, लावणीत हात सतत वर. बाही कोपरापर्यंत घे. बालगंधर्वांचे जुने फोटो शोधून बघ, त्यांच्या साड्या आणि दागिने बघून त्या काळच्या बायका फॅशन उचलायच्या, आणि त्या फोटोंत रुंद खांदा कसा पदराने आणि लांब बाहीने झाकलाय ते नीट बघ, दंडाचा स्नायू दिसला की बाकी सगळा मेकअप फुकट जातो.

खण पुरणार नाही. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, त्यात आईचा ब्लाउज कसाबसा निघतो, तुझ्या खांद्याला आणि कोपरापर्यंतच्या बाहीला दोन खण लागतील. किंवा असं कर, अंग साध्या कॉटनचं शिव आणि खणाची फक्त बाही, गळ्याची पट्टी आणि पाठ लाव, नऊवारीवर पदर आल्यावर पुढचं दिसतंय कुणाला. साधा ब्लाउजपीस घेणार असशील तर ८० सेंटिमीटरचा नको, मोठ्या पन्ह्याचा सव्वा मीटर घे. आणि ह्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडायला सांग, टेलर कुरकुर करेल, करू दे.

पुरुषांनी बायकांचे कपडे घालायचे आणि तुम्ही त्यांना मापं सांगायची? कुठे चाललोय आपण? — एक वाचक (गाव लिहिलेलं नाही)

टेलरकडे चाललोय. हे पान मापांचं आहे, कुणी काय घालावं ह्याचं नाही. जाता जाता एवढंच सांगते की आज मुलींच्या सेक्शनला 'अंगरखा पॅटर्न' म्हणून जी बाजूला नाड्या बांधायची कुर्ती विकतात तो अंगरखा दरबारातले पुरुष घालायचे, आणि सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत आजही भक्त मंडळी पांढरी बाराबंदी घालतात तिलाही नाड्याच. बटणं येण्याआधी कपडा अंगावर बांधून बसवायचे, म्हणून तो जाड्याला पण व्हायचा आणि बारक्यालाही. वरच्या पुण्याच्या वाचकांनी ही अंगरखा कुर्ती जरूर बघावी, छाती नाडीने कमी-जास्त होते, फक्त खांदा मोजून घ्या.

मी नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानात कुर्ती ट्राय करायला मागितली, तर सेल्समन म्हणाला घरच्यांसाठी घेताय ना, मग ट्रायल कशाला. माझ्यासाठी आहे म्हटलं तर मॅनेजर आला आणि ट्रायल देणार नाही म्हणाला. असा नियम आहे का? दरवेळी असं अपमान करून घेत खरेदी करायची का? — एक वाचक

पुरुषाने कुर्ती घालू नये असा कायदा आपल्याकडे नाही. उलट सुप्रीम कोर्टाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात, तो खटला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा होता, असं म्हटलंय की माणसाने आपली लिंगओळख कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हा घटनेच्या १९(१)(अ) कलमातल्या अभिव्यक्तीचाच भाग आहे. पण मॅनेजरसमोर निकाल वाचून दाखवण्यात तुमची संध्याकाळ जाईल, मी असते तर शेजारच्या दुकानात गेले असते, पैसे माझे आहेत.

व्यवहारातलं सांगायचं तर लेडीज ट्रायल रूम मागू नका, तिथे आत बायका असतात आणि त्यांचंही अवघडलेपण खोटं नसतं. कुर्ती हातात घेऊन सरळ जेन्ट्स ट्रायल रूमकडे चालायला लागा, मोठ्या दुकानांत कुणी ढुंकूनही बघत नाही, हातात किती कपडे आहेत एवढं मोजतात. छोट्या दुकानात ट्रायलच नसते, तिथे खिशात टेप ठेवा. कुर्ती काउंटरवर सपाट पसरा आणि तीन मापं घ्या, मागून खांदा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत आडवं आणि त्याची दुप्पट म्हणजे छाती, आणि काखेच्या खाली बाहीची रुंदी. बाहीची रुंदी दुप्पट करून तुमच्या दंडापेक्षा किमान दीड-दोन इंच जास्त यायला हवी. टेप काढायला लाज वाटत असेल तर पिशवीत तुमचा बसणारा शर्ट न्या आणि कुर्तीवर ठेवून बघा, दुकानदाराला वाटतं बायकोसाठी मॅचिंग बघतोय.

एका कंपनीचं एक्सएल मला बसतं, दुसरीचं थ्री एक्सएल पण नाही. असं का? — एक वाचक, नाशिक

कारण एक्सएल म्हणजे किती हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, आणि बऱ्याच जणांचे तक्ते अमेरिका-इंग्लंडच्या मापांवरून उचलून थोडे इकडेतिकडे केलेले असतात. भारतीय माणसांची मापं घेऊन आपला तक्ता करायचा म्हणून निफ्ट ह्या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइझ नावाचा प्रकल्प हातात घेतला, मुंबई धरून सहा शहरांत पंचवीस हजारांच्या आसपास स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची असं त्याचं स्वरूप. दुकानातल्या लेबलवर तो सगळीकडे दिसेपर्यंत तुमचा टेपच खरा.

आणखी एक, काही चार्टमध्ये अंगाचं माप असतं आणि काहींत कपड्याचं. छाती ४२ हे कपड्याचं माप असेल तर तो कपडा ३९-४० च्या अंगाला आहे, कारण न ताणणाऱ्या कापडात दोन-तीन इंच लूज लागतोच. चार्टच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर जिथे परत करता येतं तिथूनच मागवा.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, उंची सहा फूट, अंगाने बारीक, छाती ३८. इथे बायकांच्या सेक्शनमध्ये 'टॉल' आणि 'प्लस' असे दोन वेगळे विभाग असतात. मी कुठे बघू? आणि बटणवाले शर्ट उलटे का असतात? — एक वाचक

तुम्ही टॉलमध्ये बघा, प्लसकडे जाऊच नका. प्लसमध्ये छाती-पोट-हिप वाढतं आणि खांदा तिथल्या तिथे राहतो, तुमच्यासारख्या बारीक माणसाचा तर झगा होईल. टॉलमध्ये बाही लांब होते, कपड्याची उंची वाढते आणि मुख्य म्हणजे कंबरेची जागा खाली सरकते, तुम्हाला नेमकं तेच हवंय. तिथे उंच बायकांसाठी लाँग टॉल सॅली नावाचा ब्रँड १९७६ पासून आहे, बाकीच्या बऱ्याच दुकानांतही टॉल विभाग मिळेल. ३८ छातीला यूके १४ पासून सुरुवात करा, न ताणणारं कापड आणि बाही दोन्ही असेल तर १६ घ्या. युरोपियन लेबल असेल तर यूके १६ म्हणजे ४४, अमेरिकन असेल तर १२. खांदा मात्र टॉलमध्येही बाईचाच असतो, तेव्हा थंडीचे स्वेटर-टॉप घेताना रॅगलन किंवा ड्रॉप शोल्डरच बघा, विणलेलं कापड ताणतं म्हणून स्वेटरमध्ये तुम्हाला सगळ्यात कमी त्रास होईल.

बटणं, पुरुषांच्या शर्टात उजव्या बाजूला आणि बायकांच्यात डाव्या बाजूला, एवढंच. असं का ह्याच्या बऱ्याच गोष्टी सांगतात, मला त्यातली एकही पटलेली नाही. दोन-चार दिवस हात चुकतो, मग बसते सवय. छातीशी दोन बटणांच्या मध्ये फट पडत असेल तर ती मात्र सवयीने जाणार नाही, तिथे आतून एक प्रेस बटण लावून घ्या.